एकच केळं, चार चवी: थ्रिसूर ते कोळिकोड

केरळ म्हटलं की हाऊसबोट, मुन्नारचे चहाचे मळे आणि मसाल्यांची खरेदी आठवते. पण खाण्याची आवड असेल तर इथल्या नेंद्रन केळ्याशीही ओळख करून घ्या. लांब, जाड सालीचं हे केळं आपल्या कोकणातल्या राजेळीच्या जातकुळीतलं. थ्रिसूर ते कोळिकोड हा रेल्वेचा जेमतेम अडीच-तीन तासांचा प्रवास, पण तेवढ्यात हे एकच केळं चार वेगवेगळ्या चवींनी समोर येतं.

बाजारातला पहिला प्रश्न

थ्रिसूरच्या शक्तन मार्केटमध्ये केळ्यांचे घड दोरीला टांगलेले असतात. काही हिरवेगार, काही पोपटी, काही पिवळे तर काही काळ्या ठिपक्यांचे. मी केळी मागितली तेव्हा विक्रेत्याने भाव सांगण्याआधी विचारलं, ‘‘तळायला, उकडायला की नुसती खायला?’’ आपल्याकडे केळी घेताना डझनाचा भाव विचारतात, इथे मात्र आधी बेत विचारतात.

मल्याळम भाषेतही हा फरक आहे. कच्चं असेल तर ‘नेंद्रक्काया’, पिकलं की तेच ‘नेंद्रप्पळम’. जणू दोन वेगळे जिन्नस!

चव का बदलते?

कच्च्या केळ्याच्या गरात साधारण 20 टक्के स्टार्च असतो. केळं पिकताना स्वतःच इथिलीन वायू सोडतं आणि त्यामुळे स्टार्चची साखर होऊ लागते. नेहमीच्या खायच्या केळ्यात पूर्ण पिकल्यावर स्टार्च जेमतेम एक-दोन टक्के उरतो. टॅनिनचा तुरटपणा कमी होतो, गर मऊ पडतो आणि सुगंध सुटतो. नेंद्रनमध्ये मात्र पिकल्यावरही बऱ्यापैकी स्टार्च राहतो, म्हणून ते तळलं किंवा उकडलं तरी आकार सोडत नाही.

चार टप्पे, चार पदार्थ

हिरवं केळं : खोबरेल तेलात तळलेले, हळद-मिठाचे कुरकुरीत काप म्हणजे उपेरी. गूळ आणि सुंठ लावलेले जाड तुकडे म्हणजे शर्करा वरट्टी. ओणमच्या पानात दोन्ही हवेतच. केळं पिकायला लागलेलं असेल तर साखरेमुळे काप तळताना लवकर काळपटतात आणि मऊ पडतात.

अर्धवट पिकलेलं : मलबार भागातली उन्नक्काया खायला कोळिकोडपर्यंत जा. केळं उकडून, मळून त्यात खोबरं, साखर आणि सुक्या मेव्याचं सारण भरतात आणि तळतात. केळं जास्त पिकलं तर पीठ हाताला चिकटतं आणि पारी फाटते.

पिवळंधमक : मैद्याच्या पिठात बुडवून तळलेली पळम पोरी संध्याकाळच्या चहाबरोबर रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीवर मिळते. बाहेरून खुसखुशीत, आत गोड आणि किंचित आंबट. हेच केळं सकाळी वाफवून पुट्टूबरोबर खातात.

काळ्या ठिपक्यांचं : आपण जे टाकून देतो, तेच पळम प्रधमन या खिरीसाठी निवडून घेतात. गूळ आणि नारळाच्या दुधात ते छान शिजून एकजीव होतं.

थ्रिसूर जिल्ह्यातल्या चेंगळिकोडन नेंद्रनला भौगोलिक मानांकन आहे. ओणमच्या आदल्या दिवशी, उत्राडमला, गुरुवायूरच्या मंदिरात या केळ्यांचे घड अर्पण करतात. त्यामुळे ओणमच्या सुमारास गेलात तर बाजाराचा थाट काही औरच असतो.

पिवळा रंग फसवतो

शहरांत आपल्याला एकसारखी पिवळी, बिनडागाची केळी हवी असतात. पण कॅल्शियम कार्बाइडने घाईघाईत पिकवलेल्या केळ्याची साल पिवळी होते, आतला गर मात्र घट्ट आणि फिका राहतो. फळं पिकवण्यासाठी भारतात कार्बाइड वापरायला बंदी आहे. इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे आणि त्यात स्टार्चची साखर नेहमीसारखीच होते. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, वास घेऊन बघा.

घरी हे करून पाहा

• देठ हिरवट असलेली केळी घ्या आणि फ्रीजबाहेर टांगून ठेवा. कच्ची केळी फ्रीजमध्ये नीट पिकत नाहीत.

• पिकलेली केळी मात्र फ्रीजमध्ये ठेवता येतात. साल काळी पडते, गर चांगला राहतो.

• मधुमेह असेल तर लक्षात ठेवा, जास्त पिकलेल्या केळ्याने रक्तातली साखर लवकर वाढते. किती खायचं ते डॉक्टरांना विचारा.

• ठिपके पडलेल्या केळ्यांचं शिकरण, शिरा किंवा गोड घारगे करा.

वसईतही पिकलेली राजेळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. म्हणजे पिकलेलं फळ वाया न घालवण्याची ही समज आपल्याकडेही जुनीच आहे. पुढच्या वेळी केळी घेताना एवढंच ठरवा : आज खायची की चार दिवसांनी? बाकीचं काम केळी स्वतःच करतील.