काठावरची माणसं

घरच्या कार्यात सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो तेव्हा कोण कुठे उभं राहणार, हे कुणी न सांगता ठरलेलं असतं. मधे खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, पुढे सतरंजीवर मांडी घातलेली मुलं, मागे उंच पोरं. आणि अगदी कडेला, ‘तुम्ही काढा, मी आलेच’ म्हणत पदराला हात पुसत आलेली आत्या. तिचा एक खांदा फोटोत, दुसरा स्वयंपाकघराच्या दारात. असे फोटो छापायला द्यायचे असले की मी आधी ती कड बघते.

कारण कात्री तिथेच लागते. मोबाइल बहुधा ४:३ या प्रमाणात फोटो काढतो. समजा, ४००० बाय ३००० पिक्सेल. दुकानातला नेहमीचा ४ बाय ६ इंची कागद मात्र ३:२ चा. तो पुरता भरायचा तर ४००० पिक्सेल रुंदीला साधारण २६६७ उंची पुरते. उरलेल्या ३३३ ओळी, म्हणजे फोटोचा नववा भाग, जाणारच. आपण काही सांगितलं नाही तर बहुतेक वेळा मध्य धरून वरून-खालून सारखं कापलं जातं. मागच्या रांगेतल्या भाच्याचा फेटा जातो, पुढच्या मुलांची पावलं जातात. तोच फोटो ८ बाय १० करून मागितला की सगळं उलटं होतं. हा कागद चौकोनाकडे झुकलेला, त्यामुळे उंची शाबूत राहते आणि रुंदीतले २५० पिक्सेल जातात. आत्या नेमकी तिथे उभी असते.

कागदाचा हा ३:२ कुठून आला, ते मला फार मोहवतं. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची जुनी चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे ४:३ चीच. जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाकने छोटा कॅमेरा बनवताना फिल्म आडवी सरकवली आणि अशा दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. २४ बाय ३६ झालं. १९२५ साली हा कॅमेरा ‘लायका’ नावाने बाजारात आला, पुढे हेच माप रुळलं आणि ४ बाय ६ चा कागद त्या मापाला तंतोतंत बसला. आपला मोबाइल मात्र पुन्हा त्या जुन्या ४:३ वर येऊन थांबला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या जोडणीचा हिशेब आज आपल्या भाच्याच्या फेट्यावर येतो.

म्हणून कापण्याचं काम मी यंत्रावर सोडत नाही. रात्री सगळं आवरलं की मोबाइलवर क्रॉपची चौकट उघडते, प्रमाण ३:२ ला बांधून टाकते आणि बोटाने फोटो हळूहळू वरखाली सरकवते. वर छताचा पंखा नको, खाली पावलं हवीत. या सरकवण्यात फोटो पहिल्यांदा नीट बघून होतो. केसांत अडकलेल्या अक्षता दिसतात. काकांनी धाकट्या भावाच्या खांद्यावर ठेवलेला हात दिसतो. वर्षभराच्या अबोल्यानंतरचा तो हात. काढताना आपण एवढं कुठे बघतो? कुणाला ठेवायचं हे ठरवायला त्या घरातलंच माणूस लागतं, असं मला मनापासून वाटतं. दुकानातला मुलगा कितीही निगुतीने काम करणारा असला, तरी त्याला अबोला कसा ठाऊक असणार?

कड अगदी टोकाला भिडवायची नाही, हेही महत्त्वाचं. कागदाला पांढरी रेघ राहू नये म्हणून यंत्र चित्र किंचित मोठं करून छापतं, त्यात काठावरचं थोडं आणखी जातं. खांद्याबाहेर बोटभर भिंत राहू द्यावी. आणि छान प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ४ बाय ६ ला १८०० बाय १२०० लागतात. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आधीच आटलेला असतो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा, किंवा सरळ पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जावं. कापायचं ते प्रतीवर. मूळ तसाच ठेवावा.

काही फोटोंत सोडण्यासारखं कुणीच नसतं. तेव्हा ६ बाय ८ मागावा, तो मोबाइलच्या मापाचाच आहे. नाहीतर ‘बॉर्डर ठेवा, पण कापू नका’ म्हणून सांगावं. दोन बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्या काहींना खटकतात. मला त्या आवडतात.

आमच्या वास्तुशांतीच्या फोटोला मात्र ८ बाय १० ची फ्रेम आधीच आणून ठेवलेली. मी चौकट पूर्ण डावीकडे सरकवली. उजवीकडचं पाण्याचं पिंप गेलं, चपलांचा ढीग गेला. आत्या जेवढी आली होती तेवढी सगळी राहिली, हातातल्या झाऱ्यासकट. आधार कार्डावरचा सोडला तर तिचा स्वतःचा असा फोटो नाही. एक प्रत तिच्यासाठी वेगळी सांगितली, मॅट कागदावर, कारण तिच्या खोलीत ट्यूबलाइट भिंतीच्या बरोबर समोर आहे आणि ग्लॉसीवर चेहरे दिसत नाहीत.