पेनीचे घर

आमच्या वसईच्या घरात पाल दिसली की आई केरसुणी शोधायची आणि पाल चुकचुकली की आजी बोलता बोलता थांबून जमिनीवर बोट वाजवायची. अशा घरात वाढलेल्या माणसाने पुढे एका पालीसाठी रोज सकाळी गुडघे टेकून काचेची पेटी पुसावी, हे वाचून माझे सेमिनरीतील वर्गबंधू हसतील. त्यांनी खुशाल हसावे. त्या पेटीपाशी मी जे शिकलो, ते मला फार उशिरा शिकायला मिळाले, एवढीच माझी खंत आहे.

काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका लहानशा धर्मग्रामात सेवा करीत होतो. एका शनिवारी दुपारी अकरा वर्षांचा एक वेदीसेवक आपल्या आईबरोबर दाराशी उभा राहिला. त्याच्या हातात एक पेटी होती आणि डोळे रडून लाल झालेले होते. त्याच्या आजीला कर्करोग झाला होता आणि औषधोपचारासाठी ती त्यांच्याकडे राहावयास येणार होती. घरात कोणते प्राणी आहेत, असे रुग्णालयात विचारले गेले आणि मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘पेनी आहे.’’

पेनी म्हणजे एक लेपर्ड गेको. बिबट्यासारखे ठिपके, तांब्याच्या नाण्यासारखा रंग आणि जाड, मांसल शेपूट. ही जात मूळची पाकिस्तान, अफगाणिस्तान व त्यांच्या आसपासच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. १८५४ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लिथ यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिची एक जवळची बहीण गुजरात-महाराष्ट्रातील रानांतही राहते. आपल्या घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही. तिला पापण्या असतात आणि ती डोळे मिटून झोपते. नीट सांभाळली तर ती पंधरा-वीस वर्षे जगते.

अडचण तिच्या स्वभावात नव्हती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण ते जंतू विष्ठेतून बाहेर पडतात आणि त्याच्या कातडीला, पेटीला, पाण्याच्या वाटीला लागतात. धडधाकट माणसाचे बहुधा पोट बिघडण्यावर निभावते. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि उपचारांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्या मात्र ते जिवावर बेतू शकते. लहान कासवांमुळे मुले आजारी पडतात, असे दिसून आल्यावर अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणासाठी.

‘‘फादर, तुम्ही तिला ठेवून घ्याल? आजी बरी होईपर्यंत?’’ मुलाने विचारले. नकार देण्याचे धैर्य मला झाले नाही. त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली एक यादी माझ्या हाती दिली. मी ती कौतुकाने वाचली, फ्रिजवर चिकटवली आणि पुढे तिच्याकडे क्वचितच पाहिले.

पवित्र पात्रे कशी धुवावीत, कशी पुसावीत, याचा काटेकोरपणा सेमिनरीने माझ्या हाडीमाशी खिळवला होता. तरीही पेनीच्या पेटीची मी फक्त समोरची काच पुसत असे, कारण ये-जा करणाऱ्यांना तेवढीच दिसत होती. ती शौचासाठी नेहमी एकच कोपरा वापरते. तो कोपरा मी चार-चार दिवसांनी साफ करी. तिच्यासाठी सोडलेले रातकिडे उरले तर ते तसेच पेटीत राहात. ओलसर शेवाळाची जी डबी तिला कात टाकण्यासाठी दिलेली होती, ती कोरडी पडली. पेटीला वास येऊ लागला, तेव्हा फरशी पुसण्याचे सुगंधी द्रव मी आत फिरवले आणि पाण्याची वाटी स्वयंपाकघरातील मोरीत विसळली.

पाचव्या आठवड्यात पेनीने खाणे सोडले. मुलगा शनिवारी आला, पेटीपाशी वाकला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘फादर, तिची शेपटी बारीक झाली आहे.’’ या प्राण्याची चरबी शेपटीत साठते, म्हणजे शेपटी ही त्याच्या प्रकृतीची पासबुकच. तिच्या एका पायाच्या बोटाभोवती जुनी कात सुकून दोऱ्यासारखी आवळली होती आणि बोटाचे टोक काळे पडले होते.

मुलाने वाटी कुठे धुता, असे विचारले. मी सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले. आमच्याबरोबर ऐंशी वर्षांचे एक निवृत्त फादर राहात होते आणि त्यांची भाजी त्याच मोरीत धुतली जाई. ‘‘आजीसाठी मी तिला घरातून बाहेर काढलं,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘आणि तुमच्याकडे म्हातारे फादर आहेत.’’ आवाज चढवून कोणी माझी कानउघाडणी केली असती, तर मी स्वतःचा बचाव केला असता. त्या मुलापुढे मला बोलायला जागाच उरली नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विष्ठा तपासली. बारीक शेपटी पाहून त्यांना क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शंका आली होती. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि साध्या ब्लीचने तो मरतही नाही. सुदैवाने तो निघाला नाही. निघाले ते साधे सूतकृमी. त्यांनी औषध दिले आणि बजावले, ‘‘औषध हे निम्मे काम आहे. कृमींची अंडी विष्ठेतून पेटीत पडतात. रातकिडे त्या विष्ठेत फिरतात आणि तेच रातकिडे ती खाते. पेटी घाण राहिली, तर तुम्ही एका हाताने औषध पाजाल आणि दुसऱ्या हाताने रोग.’’

त्या संध्याकाळी मी फ्रिजवरची यादी पुन्हा काढली. मुलाने सारे काही लिहिलेले होते. विष्ठा रोज उचलायची. पाणी रोज बदलायचे. उरलेले किडे रात्री पेटीत ठेवायचे नाहीत, ते झोपलेल्या पालीला चावतात. शेवाळ ओले ठेवायचे आणि बुरशी धरण्याआधी बदलायचे. आजारपणात तळाशी वाळू नको, साधे कागदी रुमाल अंथरायचे, म्हणजे घाण लगेच दिसते व उचलता येते. उबदार बाजू बत्तीस अंशांच्या आसपास आणि थंड बाजू पंचवीसच्या आसपास ठेवायची, कारण ऊब नसेल तर तिला अन्न पचत नाही.

महिन्यातून एकदा सारी पेटी रिकामी करायची. पेनीला हवेची भोके असलेल्या डब्यात ठेवायचे. आधी साबण आणि गरम पाण्याने घासायचे, कारण मळावर जंतुनाशक ओतले तर मळच भिजतो, जंतू मरत नाहीत. मग एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी यांचे मिश्रण लावून दहा मिनिटे थांबायचे, वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि खडखडीत वाळवायचे. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही द्रव मिसळायचे नाही, त्यातून विषारी वायू निघतो. फिनेलच्या जातीची द्रव्ये तर वापरायचीच नाहीत, ती या प्राण्यांना बाधतात. तिची बादली आणि घासणी वेगळी, आणि धुण्याची जागा स्वयंपाकघराबाहेर. शेवटची ओळ ठळक अक्षरात होती: ‘हात साबणाने धुवा. प्रत्येक वेळी.’

कोमट पाण्यात पाय भिजवून, कापसाच्या काडीने आम्ही ती आवळलेली कात सोडवली. बोटाचे टोक मात्र गळून पडले, ते पुन्हा आले नाही. दोन महिन्यांत शेपटी भरू लागली. रोजचे काम जेमतेम दहा मिनिटांचे होते. ते जड नव्हते, पण एकही दिवस चुकवून चालत नव्हते. ज्या गोष्टी लोकांना दिसतात त्या मी आजवर नीटनेटक्या केल्या होत्या. प्रवचन टापटीप, वेदीवरची फुले ताजी. पण मागचा कोपरा कोणी पाहात नाही म्हणून किती आजाऱ्यांच्या भेटी मी पुढच्या आठवड्यावर ढकलल्या होत्या, याचा हिशेब त्या पेटीपाशी बसल्यावर मनात आपोआप सुरू झाला.

वसंत ऋतूत मुलाची आजी वारली. अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी तो एकटाच आला. आम्ही दोघांनी मिळून पेटी धुतली, उन्हात वाळवली. काम संपल्यावर हात धुताना त्याने नळाकडे पाहातच विचारले, ‘‘फादर, आजीला पेनीमुळे तर काही झालं नसेल ना?’’

इतके महिने तो हे ओझे एकटा वाहात होता. मी म्हणालो, ‘‘नाही, बाळा. आजीचा आजार वेगळा होता. ती यायच्या आधीच तू पेनीला बाहेर ठेवलीस. तिच्यासाठी जे करायचं, ते तू वेळेवर केलंस. उशीर झाला तो मला.’’ तेव्हा तो माझ्या झग्यात तोंड लपवून रडला. मग पेनीला घेऊन घरी गेला.

आता मी पुन्हा वसईत आहे. मुले प्राण्यासाठी हट्ट धरतात, तेव्हा आईवडील विचारावयास येतात. मी प्रथम सांगतो, की रानातला प्राणी धरून आणू नका, घोरपडीला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. मग विचारतो, घरात तान्हे मूल आहे का? कोणी आजारी, कोणी वृद्ध? आणि शेवटी मुलालाच विचारतो, की चौथ्या महिन्यात, पाहुण्यांना दाखवण्याची हौस फिटल्यावर, मागचा कोपरा कोण साफ करील?

ती यादी मुलाने जाताना नेली नाही. ती माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे. पाण्याचे डाग पडून तिच्यावरची अक्षरे पुसट झाली आहेत, पण शेवटची ओळ अजून वाचता येते.