ओंजळभर उरलेली नदी

जियारतीच्या यादीत नदीचे नाव नव्हते. टूरवाल्यांनी दिलेल्या कागदावर अम्मानजवळची असहाबे कहफची गुहा होती, खोऱ्यातल्या सहाबांच्या कबरी होत्या, मृत समुद्र होता आणि शेवटी पूल ओलांडून बैतुल मुकद्दस. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो, तेव्हा घरातल्या सर्वांचे मन मस्जिदे अक्सातच गुंतलेले होते. अम्मींनी मात्र निघायच्या आदल्या रात्री हळूच सांगितले, "तालूतवाली नदी दिखाना मेरेकू."

सूरह बकरामधला तो प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. जालूतशी लढायला निघालेल्या फौजेसमोर नदी येते आणि तालूत सांगतात की अल्लाह तुमची परीक्षा घेणार आहे. पाणी पिणारा माझा नाही, ओंजळभर घेतले तर हरकत नाही. बहुतेक जण पोटभर पितात, थोडेच निभावतात आणि त्या थोड्यांमध्येच हजरत दाऊद (अ.) असतात. ही नदी कोणती, याबद्दल हजरत इब्ने अब्बास (र.) यांचे मत तफसीर इब्ने कसीरमध्ये आले आहे: जॉर्डन आणि पॅलेस्टाईनच्या मधली नदी. तिथले लोक तिला आजही 'शरिया' म्हणतात. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यावर जायची वाट, पाणवठा.

अम्मानहून बस उतरू लागली की कान बंद होतात. शहर डोंगरावर, तर खोरे समुद्रसपाटीच्या खाली. तासाभरात थंडी गेली, अंगावरचे स्वेटर निघाले आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, संत्री, प्लास्टिकच्या घरांतले टोमॅटो दिसू लागले. याला 'गोर' म्हणतात. पहिला थांबा दैर अल्ला गावचा, हजरत अबू उबैदा बिन जर्राह (र.) यांच्या मजारीचा. जन्नतची खुशखबर मिळालेल्या दहा सहाबांपैकी ते एक. अमवासच्या प्लेगमध्ये, हिजरी १८ साली, त्यांचे निधन झाले. हजरत उमर (र.) यांनी त्यांना मदीनेला बोलावून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण ते आपल्या सैनिकांना सोडून गेले नाहीत. कोरोनाच्या दिवसांनंतर ही हकिकत वेगळीच ऐकू येते. तिथे बराच वेळ कोणी बोलले नाही.

मजारीच्या परिसरातून निघाल्यावर एक काँक्रीटचा कालवा लागला. भरलेला, स्वच्छ, वेगाने वाहणारा. अम्मींनी पदर सावरला आणि विचारले, "येच है क्या?" मार्गदर्शक हसला. हा किंग अब्दुल्ला कालवा, म्हणाला. यारमूक नदीचे पाणी वरच्या बाजूलाच उचलून या कालव्यात आणले जाते, त्यावर गोरची शेती होते आणि इथून ते पंपाने हजार मीटरहून अधिक उंची चढवून अम्मानला पाठवले जाते. अम्मानमध्ये अनेक घरांना आठवड्यातून एकदा पाणी येते. प्रत्येक छतावर टाक्यांची रांग का होती, ते तेव्हा कळले. आम्ही लातूरचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते, ते दिवस आम्ही काढले आहेत. पाण्याच्या टाक्यांची रांग पाहून घरच्यासारखे वाटावे, याचे जरा हसूही आले.

नदीचे काय झाले, हे मग बसमध्ये तुकड्यातुकड्याने समजत गेले. एकेकाळी वर्षाला सुमारे १३० कोटी घनमीटर पाणी ही नदी मृत समुद्रात नेऊन ओतत असे. आता दहा कोटीही पोहोचत नाही. तिबेरियस सरोवराच्या दक्षिण तोंडावर बांध आहे. सरोवराचे पाणी १९६४ पासून इस्राएलने मोठ्या जलवाहिनीने दक्षिणेकडे नेले. सीरियाने यारमूकच्या उपनद्यांवर धरणे बांधली, जॉर्डनने हा कालवा काढला. १९५० च्या दशकात अमेरिकेचे दूत एरिक जॉन्स्टन यांनी सर्वांमध्ये वाटपाचा एक आराखडा तयार केला होता. तांत्रिक लोकांना तो पटला, राज्यकर्त्यांनी सही केली नाही. त्यानंतर ज्याच्या हाती जेवढे लागले, तेवढे त्याने उचलले. नदीत उरले ते गावांचे सांडपाणी, शेतांतून झिरपणारे पाणी आणि सरोवराजवळच्या खाऱ्या झऱ्यांचे पाणी, जे सरोवर गोड राहावे म्हणून वळवून नदीत सोडले जात होते.

आणि पॅलेस्टिनी? त्यांच्या वाट्याला या नदीचा थेंबही नाही. १९६७ पासून पश्चिम काठ लष्कराच्या ताब्यात आहे. कुंपण, बंद पट्टा, कित्येक ठिकाणी भूसुरुंग. जेरिकोच्या मुलांनी आपल्या गावाजवळून वाहणारी नदी पाहिलेली नसते. पाणी उचलण्यात तिघे-चौघे आहेत हे खरे, पण नळ कोणाच्या हातात आहे हे विसरून 'सगळेच दोषी' म्हणणे आम्हाला पटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट ऐकताना आमच्या मनात हेच घोळत होते.

उत्तरेकडे मशारे गावाजवळ हजरत शुरहबील बिन हसना (र.) यांची मजार आहे. याच भागात, तबकत फहल इथे, इ.स. ६३५ मध्ये रोमी फौजेने बांध फोडून सगळे रान चिखल करून टाकले होते. मुस्लिम फौज अडकावी हा डाव होता, आणि शेवटी त्या चिखलात रुतले ते स्वतःच. तिथून थोड्या अंतरावर, झिग्लाब धरणाजवळ, याच सहाबींच्या नावाचे एक उद्यान आहे: शुरहबील बिन हसना इको पार्क. झाडी, पाऊलवाटा, मुलांच्या शिबिरांसाठी लहान खोल्या. आमचा थांबा चहापुरता होता, पण हे उद्यान चालवणाऱ्या संस्थेची माहिती ऐकता ऐकता तासभर गेला.

संस्थेचे नाव इकोपीस. १९९४ मध्ये इजिप्तच्या ताबा गावात जॉर्डनी, पॅलेस्टिनी, इस्राएली आणि इजिप्शियन पर्यावरणवाद्यांच्या बैठकीतून ती निघाली. आज तिची कार्यालये अम्मान, रामल्ला आणि तेल अवीव अशी तीन, आणि संचालकही तीन, प्रत्येक समाजाचा एक. जॉर्डनचे मुनकिझ मेहयार, पॅलेस्टाईनचे नादेर खतीब आणि इस्राएलचे गिदोन ब्रॉमबर्ग या तिघांनी बरीच वर्षे ती मिळून चालवली. २००८ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने पर्यावरणाच्या कामासाठी तिघांचा एकत्र गौरव केला होता.

२००१ मध्ये, म्हणजे दुसऱ्या इंतिफादाच्या ऐन धुमश्चक्रीत, त्यांनी शेजारी गावांच्या जोड्या लावायला घेतल्या. एकाच ओढ्यावर किंवा एकाच भूजलावर जगणारी, पण सीमेच्या दोन बाजूंची गावे. शाळांच्या छतावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवायचे, मुलांनी शेजारच्या गावाचे सांडपाणी कुठे जाते ते नकाशावर काढायचे, मग महापौरांकडे जायचे. महापौरांनाही त्यांनी सोडले नाही. जॉर्डन, पॅलेस्टाईन आणि इस्राएलच्या महापौरांनी छायाचित्रकारांसमोर एकत्र नदीत उड्या मारल्या. वाचताना गंमत वाटते, पण त्या पाण्यात उडी मारायची म्हणजे आधी ते पाणी कसले आहे ते लोकांना सांगावे लागते. २०१० मध्ये संस्थेने अभ्यास प्रसिद्ध केला. नदीची निम्मी जैवविविधता संपली आहे आणि ती जिवंत व्हायला वर्षाला ४० कोटी घनमीटर गोडे पाणी लागेल. २०१३ मध्ये तिबेरियस सरोवरातून नदीत थोडे गोडे पाणी सोडायला सुरुवात झाली. मागणीच्या मानाने ते फारच थोडे आहे. सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रेही दोन्ही काठांवर उभी राहू लागली.

मशिदी, चर्च आणि सिनेगॉगसाठी त्यांनी वेगवेगळ्या पुस्तिका काढल्या. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये ही शिकवण आणि पाण्यावर सर्वांचा हक्क असण्याची गोष्ट जुम्याच्या खुतब्यात यावी, म्हणून इमामांशी बैठका घेतल्या. आपल्याकडे मशिदीच्या हौदाजवळ नळ टपकत असतो आणि आपण त्याला वळसा घालून जातो, हे आठवून आम्ही गप्पच बसलो.

नदीपासून दूर, बेथलेहेमजवळच्या बत्तीर गावाची हकिकत तर प्रत्येकाने वाचावी अशी आहे. डोंगरउतारावरच्या दगडी ताली, झऱ्याचे पाणी, आणि ते पाणी आठ कुळांमध्ये पाळीने. रोज एका कुळाची पाळी, म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा असतो असे म्हणतात. विभाजनाची भिंत या शेतांतून जाणार होती. गावकरी आणि ही संस्था न्यायालयात गेले. विशेष म्हणजे इस्राएलच्या निसर्गसंवर्धन खात्यानेही भिंतीला विरोध केला. २०१४ मध्ये युनेस्कोने बत्तीरला जागतिक वारसास्थळ ठरवले आणि २०१५ च्या जानेवारीत इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथले काम रोखले. झरा आणि ताली वाचल्या.

आता दुसरी बाजू. जॉर्डन आणि पॅलेस्टाईनमध्ये कित्येक लोक या संस्थेवर नाराज आहेत. कब्जा करणारा आणि कब्जात असलेला एका टेबलावर बसून पाण्याबद्दल गोड बोलू लागले की कब्जाच नेहमीचा वाटू लागतो, असा त्यांचा आक्षेप आहे. संस्थेत काम करणाऱ्या पॅलेस्टिनी आणि जॉर्डनी लोकांना घरच्यांची आणि शेजाऱ्यांची बोलणी खावी लागतात. हा आक्षेप हलका नाही. संस्थेचे म्हणणे असे की सांडपाणी तपासनाक्यावर थांबत नाही. गाझाचे शुद्धीकरण केंद्र विजेअभावी बंद पडले आणि मैला समुद्रात गेला, तेव्हा इस्राएलचा अश्कलोनचा समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना बंद ठेवायची वेळ आली. ही गोष्ट त्यांनी इस्राएली अधिकाऱ्यांसमोर पुन्हा पुन्हा मांडली आणि गाझाच्या केंद्राला वीज मिळावी म्हणून दबाव आणला. गाझाच्या मुलांची दया म्हणून नव्हे, तर स्वतःच्या नळाच्या काळजीने का होईना, वीज द्या. याला आम्ही इन्साफ म्हणणार नाही. पण शुद्ध पाणी मिळालेल्या आईला कोणाच्या नियतीने ते मिळाले याचा हिशेब आधी मागावा, असेही आम्हाला सांगता येत नाही. आमच्यात यावर परतीच्या प्रवासात दोन तट पडले आणि अजूनही ते आहेत.

नदी शेवटी भेटली ती मगतसमध्ये. हजरत याह्या (अ.) यांच्याशी या जागेचा संबंध ख्रिस्ती लोक जोडतात. २०१५ मध्ये तीही जागतिक वारसास्थळ झाली. झाऊच्या झाडीतून पायवाट जाते. वळण संपले आणि समोर तपकिरी, संथ पाणी. रुंदी आपल्या गावच्या ओढ्याएवढी. पलीकडच्या पायऱ्यांवर यात्रेकरू पांढरे कपडे घालून उभे होते, त्यांच्या मागे बंदूकधारी सैनिक. आमच्या बाजूलाही सैनिक. दोन देश एवढ्या जवळ की पलीकडचे गाणे शब्दन् शब्द ऐकू येत होते. वरती करकोच्यांचा थवा फिरत होता. वर्षातून दोनदा सुमारे ५० कोटी पक्षी या खोऱ्यावरून जातात, त्यांना मात्र कोणी पासपोर्ट विचारत नाही.

अम्मी लाकडी पायरीवर बसल्या. वुजू करायची त्यांची फार इच्छा होती. पाण्याचा रंग पाहून त्यांनी फक्त बोटे बुडवली, मग पिशवीतली बाटली काढली आणि त्या पाण्याने वुजू केला. ओंजळ भरून घेतली, तीही बाटलीतूनच.

आम्ही परतलो आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गाझावर युद्ध कोसळले. २०२१ च्या नोव्हेंबरात दुबईत जॉर्डन आणि इस्राएलने एक इरादापत्र केले होते. जॉर्डनच्या वाळवंटातून ६०० मेगावॉट सौर वीज, बदल्यात समुद्राचे गोडे केलेले २० कोटी घनमीटर पाणी. ही कल्पना मुळात इकोपीसने मांडलेली. २०२३ च्या नोव्हेंबरात जॉर्डनचे परराष्ट्रमंत्री ऐमन सफदी यांनी जाहीर केले की या करारावर सही होणार नाही. बॉम्ब पडत असताना ती कशी व्हावी? पण जॉर्डनमध्ये माणशी वर्षाला १०० घनमीटरही पाणी उरलेले नाही आणि मृत समुद्र दरवर्षी सुमारे एक मीटर खाली जातो आहे, हेही तसेच राहिले.

मगतसच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पूल ओलांडला होता. कागदपत्रे तपासून बस सुटली तेव्हा सगळे दरूद पढत होते. खिडकीतून खाली वेत आणि झाऊ दिसले आणि त्यात क्षणभर चमकलेली एक रेघ. बस पलीकडे जाऊन पुन्हा थांबली. मागच्या सीटवरच्या एका चाचांनी पुढे वाकून विचारले, "नदी कब आएगी?"