इयर डाऊन

इंजिनिअरिंगचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा पेपर, पुन्हा राहिला. सलग दुसऱ्यांदा इयर डाऊन. अण्णा काहीच बोलले नाहीत. आईने भाकरी वाढली, तिनेही विचारलं नाही. ते न विचारणंच जास्त लागलं.

आज कामासाठी सातपूर एमआयडीसीत चार कंपन्यांच्या गेटांवर फिरलो. सगळीकडे एकच प्रश्न : आयटीआय केलंय का? माझ्याकडे फक्त बारावीचं मार्कशीट.

येताना चौकशी केली. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड २ वर्षांचा, दहावीवर प्रवेश. पुढे विद्यावेतनावर अप्रेंटिसशिप. बरोबरीचे पुढे गेले, याचं दुःख आहेच. पण विहिरीवरची मोटर जळली की अण्णांना ती तालुक्याला न्यावी लागते. उद्या ती मला भरता आली तर? बऱ्याच दिवसांनी मनात असा 'उद्या' आला.

सकाळी फॉर्म भरायचा आहे.