बर्फावरचे चार महिने

नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. आम्ही दोघी मावसबहिणी त्यातल्याच. सिडनीत शिक्षण पुरे झाले, पदव्या हाती आल्या, पण त्या पदवीच्या लायकीचे काम काही मिळेना. बँकेच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता समोर उभा. अशात कोणीतरी सांगितले की, जून ते ऑक्टोबर तिकडच्या बर्फाच्या डोंगरांत हॉटेलांना माणसे हवी असतात. (ऑस्ट्रेलियातली थंडी आपल्या पावसाळ्यात पडते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.) शिक्षण संपल्यावर जो व्हिसा मिळतो, त्यावर कोणतेही काम करता येते. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही जिंडाबाइनची बस धरली.

जिंडाबाइन हे तळ्याकाठचे लहान गाव. जुने गाव १९६० च्या दशकात धरणाच्या पाण्यात गेले आणि हे नवे वर वसवले. गाव पाण्यात जाणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. धरण स्नोई माउंटन्स योजनेतले. १९४९ ते १९७४ अशी पंचवीस वर्षे ते काम चालले. तीसहून अधिक देशांतले लाखावर कामगार तेथे राबले, १२१ जण कामावर मेले. महायुद्धात एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांची माणसे तेथे खांद्याला खांदा लावून बोगदे खणत होती.

स्कीइंग म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, अशी आमची समजूत होती. आजचे दर पाहता ती खोटीही नाही. खिडकीवर एका दिवसाचे तिकीट घ्यावे तर दोनशे डॉलरच्या वर जाते. पण याच डोंगरांत कियांड्रा येथे १८६१ च्या सुमारास हा खेळ सुरू केला तो सोने खणायला आलेल्या नॉर्वेच्या मजुरांनी, पायाला लाकडी फळ्या बांधून. हे कळल्यावर आमचा संकोच बराच कमी झाला. शिवाय कामावरून आम्हाला हंगामाचा पास फुकट मिळाला होता. जुने कोट सेकंडहँड दुकानातून घेतले. एका खोलीत चौघी राहिलो, म्हणजे आम्ही दोघी, एक चिलीची आणि एक जपानची. रविवारी प्रत्येकीने दहा डॉलर काढायचे आणि एकत्र रांधायचे.

काम हॉटेलच्या स्वयंपाकघरात, भांडी धुण्याचे आणि बटाटे सोलण्याचे. रोज सकाळी दातेरी रुळांवरून चालणारी गाडी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून आम्हाला वर पेरिशरला नेऊन सोडी. जुलैपासून तिकडे किमान वेतन तासाला २४ डॉलर ९५ सेंट झाले, आणि कायम नसलेल्या कामगाराला त्यावर चौथा हिस्सा जास्त. पैशाचे दुखणे नव्हते. दुखणे वेगळेच होते. आमच्यातल्या धाकटीच्या आईने सारा जन्म लोकांकडे धुणीभांडी करून तिला शिकवले. त्या माउलीला हे काम सांगायला जीभ रेटेना. 'हॉटेलात आहोत' एवढेच आम्ही सांगितले होते.

मैत्री झाली ती भांड्यांच्या वाफेत. चिलीची मुलगी आमच्या शेजारी उभी राहून ताटे खरवडी. तिचे इंग्रजी आमच्यापेक्षा कच्चे, त्यामुळे आमची भीड चेपली. दुपारी चार तास मोकळे मिळत, तेव्हा तिनेच आम्हाला स्की शिकवली. पहिले चार दिवस आम्ही फक्त पडलो. पडल्यावर उठायचीही रीत असते. दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवायच्या, मगच उठायचे. नाहीतर उठता उठताच माणूस खाली निघतो. त्याहून अवघड म्हणजे भीती वाटली की अंग आपोआप मागे जाते, आणि मागे झुकले की स्की आणखी पळते. उताराकडे तोंड करून पुढे झुकायचे, नडगी बुटाला टेकवायची, टाचा बाहेर ढकलायच्या, मग वेग आवरतो. हे कळायला दोन आठवडे लागले. बर्फात वाकड्या खोडांची निलगिरीची झाडे उभी असतात. त्यांच्यामधून पहिल्यांदा न पडता खाली आलो, त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या नेपाळी आचाऱ्याने आमच्यासाठी वेगळा डाळभात टाकला.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी बर्फ काचेसारखा कडक होता. धाकटी पडली, हात टेकला, मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. सुट्टीच्या वेळेतला अपघात, त्यामुळे कामावरची भरपाई नाही, आणि प्लास्टर घालून भांडी धुता येत नाहीत. रात्री दोघी हप्त्याचा हिशोब करत बसलो. खोलीतल्या दोघींनी आमचे बोलणे न कळताच ओळखले. भाड्याचे पैसे पुढे केले. आम्ही नको म्हणालो. शेवटी उसने म्हणून घेतले आणि वहीत लिहून ठेवले. आचाऱ्याने वर शब्द टाकला, तेव्हा आठवड्याने धाकटीला भाड्याचे बूट देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसवले. उजवा हात अडकलेला, म्हणून वेणी घालायला चिलीची, कोटाची बटणे लावायला जपानची.

घरी लपवायचेच ठरले होते. पण एका रविवारी फोनवर प्लास्टर दिसले, आणि मग सगळेच सांगावे लागले. मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, "हातमोजे देतात का गं?" देतात म्हटले. "भांडी किती असतात?" यंत्र धुते, आम्ही लावतो नि काढतो. "तासाला किती?" आकडा रुपयांत करून सांगितला. तिने तो दोनदा विचारला. मग म्हणाली, "बरं. वेणी घालणाऱ्या पोरीला दे."

चिलीच्या मुलीने आमच्याकडून शिकलेला 'जय भीम, मावशी' ठोकला. मावशी मराठीत बोलत राहिली, ती स्पॅनिशमध्ये. दहा मिनिटे चालले. काय बोललात, असे नंतर विचारले तर दोघींनीही धड सांगितले नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लिफ्ट बंद झाल्या. वहीतले पैसे आम्ही शेवटच्या पगारातून फेडले. चिलीची आपल्या गावी गेली. आता मावशी दर रविवारी आधी तिची खुशाली विचारते, मग आमची.