डावा पाय आणि सर्जापूर रोड

8 जुलै 2024, सोमवार

नवे बूट आणले. दुकानातल्या मुलाने मला ट्रेडमिलवर पळायला लावलं, मागून मोबाइलवर चित्रण केलं आणि एका क्षणी थांबवून दाखवलं. डावा घोटा आत झुकलेला दिसत होता. ओव्हरप्रोनेशन आहे, म्हणजे पाय जास्त आत कलतो, आतून आधार देणारा स्टॅबिलिटी बूटच लागेल, असं त्याने सांगून टाकलं. मुलगा मनापासून मदत करत होता. पण त्या थांबवलेल्या चित्रावरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही. पाऊल टेकलं की टाच थोडी आत कलते, तळपायाची कमान जरा खाली बसते आणि धक्का पसरतो. यालाच प्रोनेशन म्हणतात. प्रत्येक निरोगी पायात ते होतं आणि व्हायलाच हवं. किती झालं म्हणजे जास्त, याची सर्वांना मान्य असलेली रेघ कुठेच आखलेली नाही.

तरी घेतले, कारण पाय घालताच ते आवडले. टाच घट्ट बसली, बोटांना पुढे जागा राहिली आणि आतल्या बाजूला काही टोचलं नाही. शिवाय मे महिन्यापासून डाव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखतं आहे. जानेवारीत मुंबईची अर्धी मॅरेथॉन पळायची आहे. तोवर या बुटांची नीट परीक्षा घ्यायची आणि ती इथे लिहून ठेवायची.

9 जुलै, मंगळवार

रात्री जेवणं झाल्यावर बूट टेबलावर ठेवून पाहिले. आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा मिडसोल, म्हणजे तळातला फोमचा थर, अंगठ्याने दाबला. आतला टाचेजवळचा भाग स्पष्ट कडक आहे. स्टॅबिलिटी बुटाची ही जुनी रीत. आतल्या बाजूला घट्ट फोमचा तुकडा बसवायचा, म्हणजे पाय आत कलताना तो कमी दबतो आणि कलणं सावकाश होतं. अलीकडे बऱ्याच कंपन्यांनी ही रीत सोडली आहे. ब्रुक्सने टाचेच्या दोन्ही बाजूंना उंच कडा दिल्या आणि त्यांना गाइडरेल्स म्हटलं. असिक्सचा कायानो 1993 पासून चालत आलेला आहे. 2023 मध्ये त्याची तिसावी आवृत्ती आली, तेव्हा त्यांनी तळ रुंद केला आणि कमानीखाली मऊ, उसळी देणारा फोम बसवला. म्हणजे एकाच नावाचा बूट वर्षभरात आतून पार वेगळा झाला. म्हणून माझ्या जोडीचं नाव मी या वहीत लिहीत नाही. पुढच्या वर्षी त्याच नावाने मिळणारा बूट हा नसेल. बुटाची घडण लिहिलेली जास्त उपयोगी.

तर घडण अशी: टाचेकडून पुढे उतार 10 मिलिमीटर. टाचेमागचा कप दाबला तर सहज दबत नाही. बूट पिळला तर मधोमध पिळला जात नाही, वाकतो तो बोटांच्या सांध्याशी. तिथेच वाकायला हवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक बूट 300 ग्रॅमच्या थोडा खाली भरला. जुन्या साध्या जोडीपेक्षा हा अंगाने जड आहे.

14 जुलै, रविवार

आज पहिला लांब पल्ला. पहाटे बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर, विप्रोच्या सिग्नलपासून कार्मेलरामकडे आणि परत. या रस्त्यावर फुटपाथ मधेच उगवतो आणि मधेच संपतो. जिथे आहे तिथे फरशा हलतात, मग डांबरावरून पळण्यावाचून इलाज नाही. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून मी नेहमी उजव्या कडेने पळते. जातानाही आणि येतानाही.

पळता पळता खाली बघत होते आणि एक गोष्ट लख्ख कळली. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता बांधतात. उजव्या कडेने पळताना जमीन उजवीकडे उतरते. डावा पाय वरच्या अंगाला पडतो आणि त्याची आतली बाजू खाली जाते. म्हणजे हा रस्ताच डाव्या पायाला प्रत्येक पावलागणिक आत कलायला लावतो. उजव्या पायाला तो उलट बाहेर ढकलतो. माझी डावी नडगी दुखते, उजवी कधीच नाही. ट्रेडमिलचा पट्टा सपाट असतो, त्यामुळे दुकानातल्या चित्रात हा उतार येणं शक्यच नव्हतं.

हे कळल्यावर बुटाबद्दलचा माझा प्रश्नच बदलला. माझा पाय सुधारायचा की नाही, हा प्रश्न बाजूला राहू दे. कलत्या डांबरावर, दमलेल्या पायाला हा बूट किती आधार देतो, एवढंच पाहायचं.

पहिलं उत्तर बरं आहे. टाच टेकते तेव्हा डावं पाऊल घसरत नाही. उजव्या पायाला मात्र तोच कडक फोम जाणवतो, कारण रस्ता त्याला आधीच बाहेर लोटतो आहे आणि बूट त्यात भर घालतो.

17 जुलै, बुधवार

आषाढी. उपास, त्यामुळे पळणं नाही. आईचा साताऱ्याहून फोन आला. आत्या यंदाही आळंदीहून चालत पंढरपूरला पोचली. अडीचशे किलोमीटरच्या आसपास, साध्या रबरी चपलांत. तिचे पाय सपाट आहेत. माझेही तसेच, तिच्याकडूनच आले असावेत.

27 जुलै, शनिवार

हरळूर भागातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. बाई धारवाडच्या, मराठी छान बोलतात. त्यांनी बूट बाजूला ठेवायला सांगितले. "आधी पाय बघू, बूट नंतर." घोट्याच्या पुढे आतल्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं, त्यावर पेनाने ठिपका काढला. बसलेली असताना तो जमिनीपासून किती उंच आणि उभी राहिल्यावर किती, हे मोजलं. साधारण 10 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आला तर कमान बरीच बसते असं समजतात. माझा डावा त्या आकड्याच्या जरा पुढे, उजवा अलीकडे.

मग एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावली. टाच वर जाताना आत वळली आणि कमान पुन्हा उभी राहिली. म्हणजे पाय सपाट असला तरी लवचीक आहे, आतला स्नायू काम करतो आहे. पण डाव्या पायाने काही वेळातच हार मानली, उजवा बराच वेळ करत राहिला. बाईंनी यावर जास्त जोर दिला. कमानीला वर धरून ठेवणारा स्नायू पोटरीच्या आत खोल असतो आणि त्याची शीर घोट्याच्या आतून तळव्यात जाते. तो दमला की पळण्याच्या शेवटी पाय जास्त कलतो आणि नडगीची आतली कड दुखायला लागते. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलायच्या, एक दिवसाआड, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. तळवे ओले करून फरशीवर ठसा बघायची पद्धत त्यांनी मोडीत काढली. उभ्या पायाचा ठसा पळणाऱ्या पायाबद्दल फार थोडं सांगतो.

4 ऑगस्ट, रविवार

गेला आठवडाभर संध्याकाळी वाचत बसले. या विषयावर इतकं काम झालं आहे आणि ते आपल्या दुकानांपर्यंत इतकं कमी पोचलं आहे, याचं वाईट वाटतं.

अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन या तिन्हींत नव्या भरतीच्या जवानांवर प्रयोग झाले. अर्ध्यांना तळव्याचा आकार बघून त्यानुसार बूट दिले, बाकी सगळ्यांना सरसकट स्टॅबिलिटी बूट. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये 927 नवख्या धावकांना एकाच जातीचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं. 2014 मध्ये निष्कर्ष आला की आत कलणाऱ्या पायांना इतरांपेक्षा जास्त दुखापत होते, असं काही दिसलं नाही.

इथेच थांबले असते तर स्टॅबिलिटी बूट म्हणजे नुसता व्यापार असं म्हणून मोकळी झाले असते. पण 2016 मध्ये लक्झेम्बर्गचा अभ्यास आला. 372 हौशी धावक, बाहेरून सारखेच दिसणारे बूट, काहींत आतला आधार आणि काहींत नाही. कुणाला काय मिळालं हे धावकांना माहीत नव्हतं. सहा महिन्यांत आधार असलेल्या बुटांत दुखापती कमी झाल्या आणि त्याचा फायदा मुख्यतः आत कलणाऱ्या पायांना झाला. माझा डावा पाय त्या गटात बसतो.

कॅल्गरीच्या बेन्नो निग यांनी 2015 मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर मांडलेलं मत मला सर्वांत पटलं. पायाची हालचाल सरळ करण्याच्या मागे लागू नका. प्रत्येक शरीराची आपली एक वाट असते, ज्या बुटात ती वाट मोडावी लागत नाही तो बूट सोयीचा वाटतो, आणि ही सोय हीच निवडीची चांगली कसोटी आहे. दुकानात पाय घालताच आवडणं याला मी आजवर फक्त आवड समजत होते. ती एक माहिती आहे.

15 ऑगस्ट, गुरुवार

रात्रभर पाऊस. सकाळी झेंडावंदनाच्या आधी बेळंदूरच्या बाजूला पळून आले. स्टॅबिलिटी बुटाचं खरं दुखणं पावसात कळतं. वरचं कापड जाड, आतला पट्टा जाड, सगळं पाणी धरून ठेवतं. एका बुटावर 100 ग्रॅम वजन वाढलं तर प्राणवायूचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो, हे मोजून ठेवलेलं आहे. सावकाश पळताना ते कळत नाही, पण आज शेवटी वेग वाढवायला गेले आणि पाय उचलले जाईनात. वाळायला दोन दिवस लागले तर पावसाळ्यात रोज हाच बूट घालता येणार नाही.

घालूही नये. लक्झेम्बर्गच्याच गटाने 264 धावकांवर पाहिलं होतं. एकाहून जास्त जोड्या आलटून पालटून वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका 39 टक्के कमी होता. जुनी साधी जोडी अजून टाकण्यासारखी झालेली नाही. ती छोट्या आणि वेगाच्या दिवसांना ठेवते.

18 ऑगस्ट, रविवार

कैकोंड्रहळ्ळी तळ्याभोवती मातीच्या वाटेवर पळाले. काठावर बगळे आणि पाणकावळे. हे तळं इथल्या रहिवाशांनी महापालिकेच्या मागे लागून, स्वतः राबून वाचवलं. आम्हा धावणाऱ्यांवर त्यांचे उपकार आहेत. सर्जापूर रोडच्या आसपास सपाट आणि वाहनं नसलेली एवढी लांब वाट दुसरी मला माहीत नाही. इथे बुटाचा आतला आधार जवळजवळ जाणवतच नाही. नडगीही गप्प.

वाटेत बेळगावची मैत्रीण भेटली. "काय गे, एवढे जाड बूट? कविता राऊत अनवाणी पळाली न्हवं?" खरं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ती मुलगी सुरुवातीला अनवाणीच पळायची. 2010 मध्ये याच बेंगळुरूच्या जागतिक 10 के शर्यतीत तिने 34 मिनिटं 32 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक घेतलं. पण ती लहानपणापासून डोंगरात अनवाणी वाढली. माझा पाय शाळेच्या काळ्या बुटांत आणि नंतर ऑफिसच्या खुर्चीखाली वाढला.

यावर इथे कर्नाटकातच फार सुंदर काम झालेलं आहे. राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी 2,300 मुलांचे पाय तपासले आणि 1992 मध्ये निष्कर्ष छापले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त. माझी भाची सहा वर्षांची आहे. तिला घरात आणि बागेत अनवाणी राहू दे, असं वहिनीला आज फोन करून सांगितलं. माझ्या वयाला मात्र एकदम बूट काढून डांबरावर उतरणं नडेल. हाडं आणि शिरा इतक्या झटपट सवय करून घेत नाहीत.

25 ऑगस्ट, रविवार

आज खरी परीक्षा. दोम्मसंद्रापर्यंत जाऊन परत. शेवटच्या टप्प्यात पोटऱ्या दमल्या, पाठ वाकली, आणि नेमकं तेव्हाच या बुटाचं मोल कळलं. जुन्या जोडीत याच ठिकाणी डावं पाऊल आतल्या कडेवर लोळायला लागायचं. आज ते टाचेवर सरळ पडत राहिलं. ताज्या पायांनी पळताना या बुटाचा आधार अनावश्यक वाटतो. दमल्यावर तो कामाला येतो.

एक दोष लिहायलाच हवा. डाव्या कमानीखाली, कडक फोम जिथे संपतो तिथे, त्वचेवर लाल रेघ उठली. पातळ मोज्यांत जास्त, जाड मोज्यांत कमी.

7 सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आमच्या इमारतीत मराठी आणि कानडी आरत्या एकापाठोपाठ. पळणं नाही, पण नैवेद्याचं होईपर्यंत स्वयंपाकघराच्या पायरीवर टाचा उचलल्या. डावा पाय आता उजव्याच्या जवळ आला आहे.

15 सप्टेंबर, रविवार

निकाल लिहिते. बूट ठेवणार. लांब आणि सावकाश दिवस, कलतं डांबर, दमलेले पाय यांसाठी. वेगाच्या दिवसांना, भर पावसात आणि तळ्याकाठी साधी जोडी. दोन्ही जोड्यांचे किलोमीटर मांडून ठेवायचे आणि पाचशेच्या पुढे गेल्यावर दर आठवड्याला मिडसोल दाबून बघायचा. फोम मेला की आतला कडक तुकडा तेवढा उरतो आणि मग तो आधार देण्याऐवजी पायाला बाहेर ढकलतो.

नडगी दुखायची थांबली आहे. यात बूट किती, टाचा उचलणं किती आणि आठवड्यातले दोन दिवस डांबर सोडून मातीवर जाणं किती, हे वेगळं काढता येत नाही. तिन्ही चालू ठेवणार.

इथल्या धावणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. दुकानातल्या चित्रणावरून आपल्या पायाला आजारी ठरवू नका. आधी बघा, रस्ता कुठल्या बाजूला उतरतो आणि दुखणारा पाय कुठला आहे. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळण्याचेच मोजे घालून बघा आणि जो लगेच सोयीचा वाटेल तो घ्या. एका पायावर टाच उचलताच येत नसेल किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल, तर बुटाच्या दुकानात जाण्याआधी हाडांच्या डॉक्टरकडे जा.