पिणं आणि पाजणं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या शिवारात ‘पिणे’ हे क्रियापद माणसापेक्षा रानाच्या वाट्याला जास्त येतं. बांधावरून एक जण विचारतो, “खालचं रान पिलं काय?” दुसरा फावडं खांद्यावर टाकत सांगतो, “न्हाय अजून. वरच्या सऱ्या पिल्या, तवर लाइट गेली.” पाहुण्याला यात काव्य दिसतं. इथं ते हिशेबाचं बोलणं असतं. रान नुसतं भिजलं तर काम अर्धंच झालं. रान पिलं म्हणजे पाणी सरीच्या टोकाला पोचलं, मुळांपर्यंत उतरलं, आणि आता दारं मोडून ते पुढं न्यायला हरकत नाही.

इथल्या सहकारी साखर कारखान्याच्या नावातच दूधगंगा आणि वेदगंगा अशा दोन नद्या आहेत. एकट्या दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणात सुमारे २५ टीएमसी पाणी मावतं. नदीकाठच्या मोटारी पाणी उचलतात आणि उसापर्यंत नेतात. सुरू उसाला, पाऊस धरून, साधारण २५० सेंटिमीटर पाणी लागतं. एकराच्या हिशेबात ते एक कोटी लिटरच्या घरात जातं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, त्यामुळे तो याहून जास्त पितो. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पानांवाटे हवेत निघून जातं. ऊस पितो तो साठवण्यासाठी नव्हे. त्याच्या अंगातून नदी वर चढत असते, इतकंच. तरीही तोडणीच्या उसात वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच भरतं.

माणसांकडं वळलं की हेच क्रियापद नाना रंग दाखवतं. “तो पितो” एवढं म्हटलं की काय पितो हे कुणी विचारत नाही. दूध, ताक, रस पिणाऱ्याला कर्म सांगावं लागतं, दारूला त्याची गरज पडत नाही. वेद कोळून प्यालेला विद्वान ठरतो, लाज कोळून प्यालेला निर्लज्ज. कोळायची रीत मात्र एकच. बारा गावचं पाणी प्यालेल्याला फसवणं अवघड. कंदील रॉकेल पितो, भजी तेल पितात, जुनी गाडी पेट्रोल पिते. त्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं काही उसाच्या रसातून, मळीतून आलेलं असतं. म्हणजे नदीला ऊस पितो आणि उसाला गाडी.

पण एवढे सगळे पिणारे मोजताना पाजणारा नजरेआड होतो. रान आपण होऊन पीत नाही, त्याला कुणीतरी पाजतं. आई लेकराला पाजते. धार काढणारा आधी रेडकाला लावतो, म्हैस पान्हावते, मग चरवी पुढं येते. शेतीची लाइट रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन, किरडू बघत, थंडीत उसाला पाजायला जातो. पिणाऱ्याकडं फक्त तहान असते. वेळ ओळखायची, माप ठरवायचं आणि पुरे कधी म्हणायचं, हे सगळं पाजणाऱ्याच्या अंगावर असतं. आमचे आबा म्हणायचे, “उसाला हावरेपणा न्हाय, आपल्याला हाय.”

पाजणारा हात कुणाचा, यावर तर या जिल्ह्यानं मोठा धडा पाहिला आहे. गंगाराम कांबळे कोल्हापूर संस्थानच्या पागेत नोकरीला होते. उच्चवर्णीयांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढं शाहू महाराजांच्या पाठबळावर त्यांनी शहरात ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल काढलं. महाराज तिथं गाडी थांबवत, कांबळ्यांच्या हातचा चहा पीत आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, तेव्हा पिण्याचा हक्क बजावला गेला. कोल्हापुरातल्या त्या चहात दुसरा, तितकाच नाकारला गेलेला हक्क होता: पाजण्याचा. कुणाला पाणी नाकारणं हा अन्याय आहेच. त्याच्या हातचं पाणी नाकारणं हा त्याच अन्यायाचा दुसरा हात.

मराठीत ‘पाणी पाजणे’ याचा आणखी एक अर्थ आहे. आखाड्यात किंवा निवडणुकीत समोरच्याला चीत केलं की ‘पाणी पाजलं’ म्हणतात. पोसणं आणि हरवणं या दोन टोकांच्या गोष्टी एकाच शब्दात कशा नांदतात, याचं मला नवल वाटायचं. शिरोळ तालुक्यातली क्षारपड रानं पाहिली आणि नवल संपलं. काळ्या, निचरा कमी असलेल्या जमिनीला वर्षानुवर्षं मापाबाहेर पाजलं की जमिनीखालचं पाणी वर चढतं. येताना क्षार घेऊन येतं, स्वतः उन्हानं उडून जातं आणि क्षार तेवढे मागं ठेवतं. रानावर पांढरा थर दिसू लागतो, ऊस पिवळा पडतो, मग उगवणंच थांबतं. अशी रानं पुन्हा पिकाखाली आणायला तिथल्या शेतकऱ्यांना जमिनीत सच्छिद्र पाइप गाडून पाणी बाहेर काढावं लागलं. आधी पैसे मोजून पाजलेलं पाणी नंतर पैसे मोजूनच ओकून घ्यायचं.

यात तहानेची चूक नव्हती. जमिनीला ‘पुरे’ म्हणता येत नाही, आणि पाणीपट्टी एकरावर ठरत असेल तर जास्त पाजल्याचा खर्च त्या वर्षी कुणालाच दिसत नाही. मग ‘पाणी पाजणे’चे दोन्ही अर्थ एकाच सरीत वाहू लागतात: बाप रानाला पाणी पाजत असतो आणि त्याच पाण्यानं नातवालाही.